मराठीत विचारलं तर मराठीतच उत्तर द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात येत्या २७ तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमांबद्दल वाचलं आणि म्हटलं आता हे पत्र लिहायलाच हवं, गेले तीन महिने डोक्यात होतं पण रोज राहून जात होतं. पत्र लांबणार आहे, कापायचं तर कापा, पण फुलवालीचा प्रसंग तेवढा ठेवा ही विनंती.

मी परळला राहते, दोन वर्षांपूर्वी बँकेतून रिटायर झाले. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त जपानला नागोयाला असतात, नात चार वर्षांची आहे. ती तिथल्या पाळणाघरात जाते, होइकुएन म्हणतात त्याला, दिवसभर तिथेच असते त्यामुळे जपानी फाडफाड बोलते, मराठी समजतं तिला पण तोंडातून जपानीच येतं. मागच्या वर्षी एकदा व्हिडिओ कॉलवर ती माझ्याकडे बघून सारखी "बाऽबा, बाऽबा" करत होती, मला वाटलं बापाला हाक मारतेय, मी म्हटलं अगं बाबा ऑफिसला गेलाय, तर पोरीचा चेहरा एवढासा झाला आणि ती उठून आत निघून गेली. मग सुनेने सांगितलं, आई, इथे लहान मुलं आजीला बाऽबा म्हणतात, ती तुम्हालाच हाक मारत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. नात मला हाक मारते आणि मला ते कळत नाही, याच्यासारखं वाईट काय असतं सांगा. सकाळी उठून ठरवलं की जपानी शिकायचं.

क्लास लावला, हिरागानाची ४६ अक्षरं पाठ केली, पण क्लासमधली सगळी तरुण मुलं परीक्षेच्या मागे होती, त्यांना नोकरीसाठी सर्टिफिकेट हवं होतं आणि मला हवं होतं बोलायला कोणीतरी. माझी एक मैत्रीण कलिन्याला युनिव्हर्सिटीत कामाला होती, ती म्हणाली आमच्याकडे एक जपानी मुलगी आलीये शिकायला, तिला मराठी बोलायची प्रॅक्टिस हवीये, पैसे घेऊ नकोस देऊ नकोस, तू तिला मराठी दे आणि तिच्याकडून जपानी घे. हे मला एकदम पटलं. ऑगस्टपासून दर शनिवारी दुपारी ती आमच्याकडे येते, पाऊण तास मराठी आणि पाऊण तास जपानी, मोबाईलवर अलार्म लावून. (तिचं नाव देत नाही, तिला पेपरात यायचं नाहीये.)

ती ओसाकाची आहे, वय चोवीस. तिचा अभ्यासाचा विषय गिरणगावातल्या बायकांचा, म्हणजे गिरण्या चालू असताना बायकांनी घर कसं चालवलं, खाणावळी कशा घातल्या वगैरे, आणि त्यासाठी तिला दुभाषा नकोय, तिला स्वतः बायकांशी बसून बोलायचंय. मराठीची तयारी ती ओसाकाहूनच थोडी करून आली होती.

आता कबूल करते, पहिला महिना चूक माझीच होती. ती मराठीत वाक्य सुरू करायची, मध्ये अडकायची, मी लगेच इंग्लिशमधून वाक्य पूर्ण करायची. मला वाटायचं मी मदत करतेय, तिचा त्रास वाचवतेय. पाऊण तासातली तीस मिनिटं इंग्लिशमध्ये जायची. ती बिचारी काही बोलायची नाही, जपानी लोकांची सवय, समोरच्याला वाईट वाटेल असं पटकन बोलणार नाहीत.

हे सुधारलं ते माझ्या सासूबाईंमुळे. सासूबाई ८४ वर्षांच्या, मूळच्या संगमेश्वरकडच्या, इंग्लिश येत नाही, हिंदी म्हणाल तर भाजीवाल्यापुरतं. सासरे गिरणीत होते आणि सासूबाई घरी खाणावळ चालवायच्या, बारा माणसं जेवायला असायची, पहिल्या पाळीची वेगळी, रात्रपाळीची वेगळी. एका शनिवारी मला बँकेच्या पेन्शनच्या कामाला जावं लागलं, परत आले तर दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या आणि गप्पा चालू होत्या. गप्पा! महिनाभर माझ्याशी अडखळत बोलणारी मुलगी सासूबाईंना विचारत होती, "भोंगा म्हणजे काय?" आणि सासूबाईंनी चक्क तोंडाने गिरणीचा भोंगा वाजवून दाखवला, मग बोटांवर सांगितलं की पहिला भोंगा झाला की हे उठायचे, दुसरा झाला की निघायचे. ती वहीत लिहून घेत होती. सासूबाईंना दुसरी भाषाच येत नाही ना, म्हणून त्या भाषा बदलू शकत नाहीत, समजलं नाही की त्या तेच पुन्हा सांगतात, सावकाश सांगतात, हातवारे करतात, डबा उघडून दाखवतात. मी शिकलेली बाई, मला हे सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून मराठीचा पाऊण तास सासूबाईंकडे आणि मी बाजूला बसते.

संपाचंही त्यांनीच सांगितलं तिला. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे तिने पुस्तकात वाचलंच होतं. पण खाणावळीत जेवणाऱ्यांचे पैसे थकले तेव्हा काय केलं, हे तिला सासूबाईंकडून कळलं. त्या म्हणाल्या, "आधी मासळी बंद झाली, मग डाळ पातळ झाली, पण ताट नाय बंद केलं." हे वाक्य तिने जसंच्या तसं लिहून घेतलं आणि दोनदा वाचून दाखवलं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली खाणावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेतून कर्जं मिळवून दिली, तेही त्यात आलं, मी स्वतः बँकेत आयुष्य काढलं तरी सासूबाईंना हे कधी नीट विचारलं नव्हतं. एका परक्या मुलीने विचारलं तेव्हा आमच्या घरातली गोष्ट मला कळली.

भाषेबद्दल थोडं लिहिते, कारण मला यात फार आनंद मिळाला. मला वाटायचं जपानी म्हणजे भलतंच काहीतरी, पण वाक्याची रचना आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. आणि एक गोष्ट तर अशी की मी दोन दिवस येईल त्याला सांगत होते. आपण म्हणतो ना, खाऊन बघ, आणून ठेव, खाऊन टाक, तिथे बघणं, ठेवणं, टाकणं याचा खरा अर्थ नसतोच. जपानीत अगदी हेच आहे. ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणं, मिरु म्हणजे बघणं. कात्ते ओकु म्हणजे आधीच विकत घेऊन ठेवणं, ओकु म्हणजे ठेवणं. ताबेते शिमाउ म्हणजे खाऊन टाकणं. सासूबाई ओट्यापाशी तिला म्हणाल्या "मीठ घालून बघ, कोथिंबीर चिरून ठेव, उरलेलं खाऊन टाक" आणि ती हातातला चमचा तसाच धरून उभी राहिली, म्हणाली काकू, तिन्ही! आजींनी तिन्ही म्हटली!

तसंच आपल्याकडे घरातून निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. जपानी माणूस निघताना म्हणतो इत्ते किमासु, त्याचा शब्दशः अर्थ जाऊन येते. घरातला माणूस म्हणतो इत्तेराश्शाइ, म्हणजे जाऊन ये. आता ती आमच्या दारातून निघताना म्हणते "येते हं" आणि मी आतून म्हणते इत्तेराश्शाइ, दोघींचं मिळून एक होतं. पावसाचे शब्दही तसेच, आपला धो धो पाऊस तर त्यांचा झाऽझाऽ, रिमझिम पडला तर शितोशितो. जुलैमध्ये आली असती तर मुंबईचा पाऊसच शिकवला असता तिला, ऑगस्टमध्येही बराच शिकून झाला.

तिला जड काय गेलं तेही सांगते. त्यांच्याकडे र आणि ल वेगळे नाहीत, त्यामुळे ळ म्हणजे कठीणच, "कळलं" म्हणायला तिला दोन महिने लागले. पण "चांगलं" मधला च पहिल्या दिवशीच बरोबर, कारण त्सुनामीमधला त्सु त्यांचाच. आम्ही आणि आपण यात तिचा गोंधळ व्हायचा, जपानीत दोन्हीला एकच शब्द चालतो. एकदा पानं वाढल्यावर ती म्हणाली "आम्ही जेवायचं का?" तर सासूबाई म्हणाल्या, "आम्ही नाय गो, आपण. आम्ही म्हटलंस की मी उपाशी." व्याकरणाच्या कुठल्या पुस्तकात हे असं समजावलेलं मी पाहिलं नाही.

आणि आकडे. आपले आकडे परक्या माणसासाठी खरंच अवघड आहेत, हे मला आता कळलं. जपानीत एकवीस म्हणजे निजू-इचि, दोन-दहा-एक, दहापर्यंत आलं की नव्व्याण्णवपर्यंत आलंच. आपलं मात्र एकोणचाळीस, पंचेचाळीस, पंचावन्न, प्रत्येक शब्द वेगळा पाठ करा. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन असं वाचन आणलं होतं तेव्हा मी पण चिडले होते, ग्रुपवर मेसेज पुढे ढकलले होते की मराठीची वाट लावली. आता त्या मुलीला "पंचावन्न की पंचेचाळीस" करत बसलेली बघितली आणि वाटलं की तेव्हा जरा थांबून विचार करायला हवा होता, लहान मुलांनाही असंच होत असेल. आकडे बदला असं मी म्हणत नाही, मला त्रेपन्न, चौपन्न आवडतात, पण अवघड आहेत एवढं तरी मान्य करू.

आता तो फुलवालीचा प्रसंग. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघी दादरच्या फूलबाजारात गेलो. मी मुद्दाम चार पावलं मागे राहिले. तिने आदल्या शनिवारी सासूबाईंबरोबर वाक्य पाठ केलं होतं, "मावशी, शेवंती कशी दिली?" उच्चार स्वच्छ, ळ नाही काही नाही त्यात. फुलवाली तिच्याकडे बघून म्हणाली, "साठ रुपया पाव, मॅडम." तिने पुन्हा मराठीत विचारलं, "अर्धा किलो घेतली तर?" पुन्हा उत्तर हिंदीत, आणि वर बोटांनी इंग्लिशमध्ये "वन ट्वेंटी". तेवढ्यात बाजूला एक बाई आल्या, त्यांच्याशी तीच फुलवाली "घ्या ना ताई, सकाळचाच माल आहे" अशी अस्सल मराठीत. आम्ही फुलं घेतली, पुलाखालून बाहेर आलो आणि ती मला म्हणाली, "काकू, माझं मराठी चुकलं का?"

चुकलं नव्हतं हो. एक अक्षर चुकलं नव्हतं. मी तिला हेच सांगितलं पण मला आतून फार लागलं, कारण मीही महिनाभर तिच्याशी हेच केलं होतं.

फुलवालीला दोष देत नाहीये मी. ती मावशी दिवसातून शंभर गिऱ्हाईकं करते, तोंड बघून भाषा ठरवते, तिला कुठे वेळ आहे. पण हेच रिक्षात, हेच स्टेशनच्या खिडकीवर, हेच मिठाईच्या दुकानात, आणि आमच्या सोसायटीत तर जास्तच. एका शेजाऱ्यांनी तिला विचारलं मराठी येतं का, ती "हो, थोडं थोडं येतं" म्हणाली, ते "अरे वा, क्या बात है" म्हणाले आणि पुढचं सगळं संभाषण इंग्लिशमध्ये. कौतुक मराठीचं आणि बोलणं इंग्लिशमध्ये.

मी तिला विचारलं की तुला राग येतो का. ती म्हणाली राग नाही येत, कारण आमच्याकडेही असंच होतं. परदेशी माणूस दोन शब्द जपानी बोलला की लोक म्हणतात निहोंगो जोउझु देसु ने, म्हणजे जपानी छान येतं हं तुम्हाला, आणि मग दुकानदार मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सुरू होतो, पाहुण्याला त्रास नको म्हणून. ती स्वतः कॉलेजात असताना दुकानात पार्टटाइम करायची तेव्हा तीसुद्धा हेच करायची. "मला वाटायचं मी प्रेमाने करते. आता इकडे उभी राहिले तेव्हा कळलं की त्या माणसाला दार बंद झाल्यासारखं वाटत असेल." हे तिने मराठीतच सांगितलं, थोडं अडखळत, पण शब्द तिचेच.

म्हणजे यात कोणाचा वाईट हेतू नाही. आपण पाहुण्याची सोय बघतो, घाईत असतो, आणि मनात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं की बाहेरच्याला मराठी येणारच नाही, आलं तरी त्याला ते कशाला हवंय. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त खटकतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो, अभिमानाचे मेसेज, रात्री बारापर्यंत फोन वाजत होता. त्याच ग्रुपवरची माणसं मराठी शिकायला ओसाकाहून आलेल्या मुलीशी लिफ्टमध्ये मराठीत दोन वाक्यं बोलत नाहीत. अमुक माणूस मराठी बोलत नाही म्हणून आपण भांडतो, मग जो बोलतोय त्याच्याशी तरी बोलूया की.

चांगलंही सांगते. ६ डिसेंबरला तिला चैत्यभूमी बघायची होती, मी घेऊन गेले, शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल, लांबच लांब रांग, विदर्भातून मराठवाड्यातून आलेली माणसं. एका कुटुंबाने तिला सतरंजीवर बसवून घेतलं, "कुठून आली बाई तू?" ती म्हणाली जपानहून, आणि पुढे म्हणाली की आमच्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ साली बसवला. त्या आजोबांनी हात जोडले. मग तासभर ते सगळे तिच्याशी बोलत होते, त्यांचं गाव, तीस तासांचा प्रवास, नातीची दहावी, सगळं मराठीत, त्यांच्याकडच्या मराठीत, जे मलाही मध्येमध्ये नीट कळत नव्हतं. कोणी भाषा बदलली नाही. तिला कळलं नाही तिथे त्यांनी पुन्हा सांगितलं. परत येताना बसमध्ये ती म्हणाली आज माझं डोकं दुखतंय पण खूप छान दुखतंय.

लोकांनी मोठं काही करावं असं माझं म्हणणं नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीने अमराठी लोकांना मराठी शिकवायचा चांगला अभ्यासक्रम केलाय, ते काम ती माणसं करतायत. पण पुस्तकातून शिकलेलं बोलायचं कोणाशी, तर तुमच्या-माझ्याशीच. ज्यांच्या घरी सासूबाईंसारखं कोणी म्हातारं माणूस दुपारी एकटं बसलेलं असतं त्यांनी तर असं एखादं शिकणारं पोर शोधाच. आमच्या सासूबाई शनिवारी सकाळपासून विचारतात, "आज येणार ना गो ती?" आणि बारा वाजता केस विंचरून बसतात.

माझ्या जपानीचं म्हणाल तर चाललंय. मागच्या रविवारी नातीने हाक मारली, बाऽबा, मी म्हटलं "हाय, नानि?" म्हणजे हो, काय गं, आणि मग ती दहा मिनिटं काय काय सांगत होती, निम्मं कळलं निम्मं नाही. मधे तिने विचारलं आजी तू काय करतेस, जपानीत, आणि मी उत्तर मराठीत दिलं, भाजी चिरून ठेवते. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "ठेवते."

ती मुलगी मे अखेरपर्यंत मुंबईत आहे. एप्रिलमध्ये सासूबाई तिला वर्षाच्या मसाल्याची यादी देणार आहेत, बेडगी मिरची, संकेश्वरी, धणे, दगडफूल, नागकेशर, सगळं मराठीत लिहिलेलं, आणि ती एकटी लालबागच्या मसाल्याच्या बाजारात जाणार आहे, मी बरोबर जाणार नाही असं ठरलंय. चष्मा, आखूड केस, खांद्यावर निळी पिशवी. तिने तुम्हाला "बेडगी कशी दिली?" विचारलं तर भाव मराठीत सांगा, सावकाश सांगा, आणि पाचशे पंचावन्न असेल तर बोटं पण दाखवा.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई